दिसणारे मूल आणि दाखवणारे मूल

१

दादासाहेब फाळके यांच्या 'कालिया मर्दन' (१९१९) या चित्रपटाच्या प्रारंभी मूळ कथानकाशी थेट संबंध नसलेला एक छोटा भाग आहे. कृष्णाची भूमिका करणारी फाळक्यांची सुमारे सात वर्षांची कन्या मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर येते आणि एकापाठोपाठ एक भाव चेहऱ्यावर आणून दाखवते. त्यानंतर त्याच मुद्रेतून बालकृष्णाचे रूप साकार होते. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाल्यानंतर फाळक्यांनी आपले चित्रनिर्मितीचे बिऱ्हाड मुंबईहून नाशिकला हलवले होते. 'कालिया मर्दन' हे त्या नाशिकपर्वातील चित्र. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये रोहिताश्वाची भूमिका फाळक्यांचे पुत्र भालचंद्र यांनी केली होती. म्हणजे भारतीय कथाचित्राच्या पहिल्या पानापासून मूल पडद्यावर आहे आणि त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या कलावंताने ते आपल्याच घरातून आणलेले आहे.

या आरंभीच्या भागातील भाव मुलीच्या चेहऱ्यावरचे आहेत. मात्र कोणता भाव, कोणत्या क्रमाने आणि किती वेळ, हे ठरवणारी दृष्टी कॅमेऱ्यामागे उभी आहे. यात दोष काढण्यासारखे काही नाही. अभिनय नावाच्या कलेचे ते स्वरूपच आहे. तथापि या क्षणी मूल आणि कॅमेरा यांच्यात जो संबंध प्रस्थापित झाला, तो पुढे शतकभर जवळजवळ अबाधित राहिला. मूल दिसते, मोठी माणसे दाखवतात. मुलाचा चेहरा ही चित्रपटाची सामग्री आणि मोठ्यांची दृष्टी हा त्याचा आशय, अशी ही विभागणी आहे.

हे मूल गंभीर आजारी किंवा अपंग असते, तेव्हा या विभागणीला नैतिक गांभीर्य प्राप्त होते. कारण असे मूल कॅमेरा येण्यापूर्वीच पाहण्याचा विषय झालेले असते. वैद्य त्याला तपासणीसाठी पाहतो, आईबाप काळजीने पाहतात, रस्त्यावरचा माणूस वळून पाहतो, देणगीदार हळहळून पाहतो. सर्वांच्या नजरा त्याच्यावर खिळलेल्या असतात; त्याची नजर कोठे आहे, हे विचारण्याचे मात्र राहून जाते. गेल्या काही दशकांत रुग्णालयांतून, विशेष शाळांतून आणि स्वयंसेवी संस्थांतून अशा मुलांच्या हाती कॅमेरा देण्याचे प्रयत्न जगात ठिकठिकाणी झाले. गंभीर आजारी मुलांना व्यावसायिक चित्रपटकर्त्यांच्या साह्याने लघुपट करू देणाऱ्या संस्थाही निघाल्या. या सर्वांचा हेतू एका वाक्यात सांगितला जातो: मुलांना स्वतःला व्यक्त करता यावे. हे वाक्य इतके निर्विवादपणे चांगले वाटते की त्यातील दोन्ही शब्दांची तपासणी कोणी करीत नाही. 'व्यक्त करणे' म्हणजे काय आणि दुसऱ्याला व्यक्त होण्यासाठी 'मदत करणे' म्हणजे काय? यातील दुसरी क्रिया पहिलीला कोणत्या टप्प्यावर गिळून टाकते? प्रस्तुत विवेचनाचा विषय हा आहे.

२

'आत्माविष्कार' हा मराठी समीक्षेतील जुना आणि बराच झिजलेला शब्द. त्याच्या मुळाशी एक चित्र आहे: आत काहीतरी तयार आहे, ते बाहेर येऊ पाहत आहे, वाट मिळाली की ते येईल. अपंग किंवा आजारी मुलाच्या बाबतीत हे चित्र विशेष मोहक ठरते. वाचा अडलेली, हात अडलेले, अंथरूण न सुटणारे. तेव्हा आत पुष्कळ साचलेले असणार आणि कॅमेरा ही त्याला मिळालेली वाट, असे गृहीत धरले जाते.

आर. जी. कॉलिंगवुड याने 'द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट' (१९३८) या ग्रंथात केलेला एक भेद येथे उपयोगी पडतो. भावना व्यक्त करणे आणि भावना उघड पडणे या दोन गोष्टी त्याच्या मते सर्वस्वी भिन्न आहेत. भीतीने चेहरा पांढरा पडणे हे भीतीचे लक्षण आहे. तो भीतीचा आविष्कार नव्हे. आविष्कारात माणूस आपली भावना नेमकी कोणती हे शोधून काढतो आणि हा शोध पूर्ण होईपर्यंत तिचे स्वरूप त्यालाही ठाऊक नसते. ज्याचे फलित आधीच ठरलेले असते, ती कारागिरी. ते ज्यात करता करता सापडते, ती कला.

या भेदाच्या प्रकाशात रुग्णालयातील मुलाकडे पाहिले असता चित्र उलटते. त्या मुलाजवळ 'उघड पडण्या'ची मुळीच कमतरता नाही. त्याचे तापमान, नाडी, वजन, रक्तातील पेशी, रात्रीचे रडणे, जेवणाचा नकार, सारे टिपले आणि वाचले जात असते. त्याचे शरीर हे अखंड वाचले जाणारे पुस्तक आहे. अशा मुलाची वेदना पडद्यावर प्रभावीपणे दिसली, तर ती वेदना आणखी एका ठिकाणी उघड पडली इतकेच म्हणता येईल. तिला मुलाचा आविष्कार म्हणण्यास काहीच आधार नाही.

याचा दुसरा परिणाम अधिक अडचणीचा आहे. 'तुझ्या आजाराविषयी सांग' असे म्हणून मुलाच्या हाती कॅमेरा दिला की फलित आधीच ठरून जाते. मोठ्यांना आजाराविषयीचा चित्रपट हवा असतो, कारण त्यांच्या लेखी ते मूल म्हणजे त्याचा आजार असतो. मुलाला कदाचित भुताचा चित्रपट करायचा असेल, चोर-पोलिसांचा करायचा असेल, गल्लीतल्या क्रिकेटचा करायचा असेल. रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलाने केलेला क्रिकेटचा चित्रपट हा आजारापासूनचा पळ आहे, असा निष्कर्ष काढणारा समीक्षक त्या मुलाला पुन्हा तक्त्यावरच्या नोंदीत ढकलत असतो. मराठी वाचकाला ही अडचण अपरिचित नाही. दलित साहित्याने 'आमच्याविषयी कोण बोलणार' हा प्रश्न उपस्थित केला आणि मराठी साहित्यव्यवहार मुळापासून हलवला. परंतु त्यापाठोपाठ दुसरा प्रश्नही आला: दलित लेखकाने केवळ आपल्या दुःखाविषयीच लिहावे, ही अपेक्षा कोणाची? बोलण्याचा हक्क देताना विषयही नेमून देणे, ही हक्क देण्याची अत्यंत सोयीस्कर रीत आहे. आजारी मुलांच्या बाबतीत ती अधिकच सहज वापरली जाते. कारण मूल सहसा वाद घालत नाही.

३

मराठी चित्रपटाने आजारी आणि अपंग मुलाला नाकारले, असे म्हणता येणार नाही. संदीप सावंत यांचा 'श्वास' (२००४) हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. कोकणातल्या परशुराम नावाच्या मुलाला डोळ्यांचा कर्करोग आहे; जीव वाचवायचा तर दृष्टी गमवावी लागणार. शस्त्रक्रियेपूर्वी जग एकदा डोळे भरून पाहून घेता यावे, म्हणून आजोबा नातवाला रुग्णालयाबाहेर घेऊन जातात. या चित्रपटातील एक सूत्र आजच्या चर्चेच्या दृष्टीने फार मोलाचे आहे: दृष्टी जाणार आहे हे मुलाला सांगितले पाहिजे, असा आग्रह त्यात धरला जातो. मूल हे शस्त्रक्रियेची वस्तू नव्हे, त्याला कळण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व मराठी कथाचित्रात इतक्या ठळकपणे क्वचितच आले असेल.

आणि तरीही 'श्वास' हे पाहणाऱ्या मुलाचे चित्र नाही. पाहणाऱ्या मुलाकडे पाहणाऱ्या आजोबांचे ते चित्र आहे. त्याचा सारा करुण आजोबांच्या चेहऱ्यावर उमटतो. परशुराम त्या दिवशी काय पाहतो, यापेक्षा तो शेवटचे पाहतो आहे या जाणिवेने प्रेक्षक व्याकूळ होतो. कलाकृती म्हणून ही 'श्वास'ची उणीव मानण्याचे कारण नाही. त्याने जे योजिले ते त्याने साधले. परंतु त्याच्या शेजारी एक कल्पना ठेवून पाहावी. त्या दिवशी कॅमेरा परशुरामाच्या हाती असता, तर त्याने काय टिपले असते? आजोबांनी निवडलेली दृश्ये, की एखादे चाक, एखादे कुत्रे, आजोबांचा सदरा? हे सांगता येत नाही. आणि सांगता येत नाही, यातच या प्रश्नाचे मर्म आहे. सांगता आले असते, तर कॅमेरा त्याच्या हाती देण्याची गरजच उरली नसती.

सई परांजपे यांच्या 'स्पर्श' (१९८०) या हिंदी चित्रपटाने मदतीच्या प्रश्नाला थेट हात घातला. दिल्लीच्या अंधशाळेत चित्रित झालेल्या या चित्रपटात प्रत्यक्ष अंध विद्यार्थी आहेत आणि मुख्याध्यापक अनिरुद्ध यांचा मदत आणि कीव यांतील सीमारेषेविषयीचा आग्रह हे त्याचे केंद्र आहे. त्या आग्रहालाही एक गाठ आहे, हे चित्रपटकर्तीने ओळखले आहे. मदतीत कीव शोधत राहणारा स्वाभिमान शेवटी स्वतःचाच तुरुंग होऊ शकतो. म्हणून मदत नाकारणे हे मदतीच्या नैतिक प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही. पुढे महेश लिमये यांच्या 'यलो' (२०१४) या चित्रपटात डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांनी स्वतःचीच भूमिका केली. दुसऱ्या नटाने अपंगत्वाची नक्कल करण्यापेक्षा हे पाऊल निश्चित पुढचे आहे. तथापि 'स्वतःची भूमिका करणे' आणि 'स्वतःचे चित्र करणे' यांत अंतर आहे. आधीच्या पायरीवर माणूस स्वतःला दाखवू देतो. नंतरच्या पायरीवर तो दाखवतो.

४

कॅमेरा मुलाच्या हाती दिला की हे अंतर आपोआप मिटते, असे समजणे भाबडेपणाचे होईल. या भाबडेपणाची किंमत काय असते, हे एका वेगळ्या क्षेत्रातील अनुभवावरून कळते. ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकात सुरू झालेली आणि १९९० च्या सुमारास अमेरिकेत झपाट्याने पसरलेली एक पद्धत होती. बोलू न शकणाऱ्या, विशेषतः स्वमग्न, मुलाचा हात किंवा मनगट साहाय्यकाने आधार देऊन धरायचे आणि मुलाने अक्षरफलकावर एकेक अक्षर दाखवायचे. या पद्धतीने मुले वाक्ये लिहू लागली, कविता लिहू लागली, आईबापांना प्रेमाची पत्रे लिहू लागली. मग चाचण्या झाल्या. मुलाला एक चित्र आणि साहाय्यकाला दुसरे चित्र दाखवले असता लिहिले जाई ते साहाय्यकाने पाहिलेल्या चित्राचे नाव. १९९४ साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने या पद्धतीला वैज्ञानिक आधार नसल्याचा ठराव केला.

या प्रकरणातील खरी शोकांतिका फसवणुकीत नाही. साहाय्यक बहुतांशी प्रामाणिक होते. आपलाच हात लिहितो आहे, याची त्यांना जाणीव नव्हती. ज्याच्यावर माया आहे त्याच्या मुखातून आपल्याला ऐकावेसे वाटते तेच त्यांनी ऐकले. मदतीतील हिंसा ही द्वेषातून येते असे नाही. ती पुष्कळदा मायेतून आणि घाईतून येते.

आता चित्रपटाच्या निर्मितीत असे किती हात असतात, याचा विचार करावा. संहिता कोणी लिहिली, चौकट कोणी लावली, प्रकाश कोणी योजला, तुकडे कोणी जोडले, संगीत कोणी घातले. अक्षरफलकावर एकच हात दुसऱ्या हातावर होता. येथे दहा असतात आणि ते सर्व व्यावसायिक सफाईने काम करतात. मुलाने सांगितलेली दोन वाक्ये आणि हवेहवेसे वाटणारे दहा मिनिटांचे देखणे चित्र, यांमधली सारी जागा दुसऱ्यांच्या अभिरुचीने भरलेली असू शकते. श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून मुलाचे नाव येते. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या कोणासाठी असतात?

यावर उघड आक्षेप असा की चित्रपट ही मुळातच अनेक हातांची कला आहे. हा आक्षेप बिनतोड आहे. फाळक्यांच्या कारखान्यातसुद्धा सरस्वतीबाई फाळके कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे करीत होत्या. त्यामुळे 'राजा हरिश्चंद्र' फाळक्यांचे नाही, असे कोणी म्हणत नाही. स्वतः फाळक्यांना चित्रपटविद्येच्या अहोरात्र अभ्यासाने काही काळ अंधत्व आले होते आणि वैद्यकीय उपचारांनी त्यांची दृष्टी परत आली. दृष्टीसारखी गोष्टही माणसाजवळ दुसऱ्याच्या मदतीने राहते, याचे याहून बोलके उदाहरण शोधण्याची गरज नाही. तेव्हा 'मुलाने सर्व काही स्वतः केले काय?' हा निकषच चुकीचा आहे. तो कोणत्याही धडधाकट दिग्दर्शकाला लावला जात नाही. मग अंथरुणावरच्या मुलाला का लावावा?

५

मग योग्य निकष कोणता? त्याच्या शोधात फ्रान्समधील फेर्नां देलिन्यी (१९१३–१९९६) याच्या कामाकडे वळणे आवश्यक आहे. या विषयावर त्याच्याइतका दीर्घ आणि सोशिक विचार क्वचितच कोणी केला असेल. १९५५ साली लिहिलेल्या एका लेखात त्याने कॅमेरा हे शिक्षणाचे साधन मानले. मात्र त्याचा भर तयार चित्रपटावर नव्हता. हाती कॅमेरा असलेला मुलगा भोवतालाशी वेगळ्या रीतीने जोडला जातो, हे त्याला महत्त्वाचे वाटत होते. पुढे त्याने आणखी एक पाऊल टाकले. फ्रेंचमध्ये चित्रण करण्याच्या क्रियेचे नाव 'फिल्म' या फलितावरून पडले आहे, हे त्याला खटकले. हातोडीने काम करणाऱ्याच्या क्रियेला हातोडीवरून नाव मिळते, तसे कॅमेऱ्याने काम करणाऱ्याच्या क्रियेला कॅमेऱ्यावरून का मिळू नये? म्हणून त्याने कॅमेऱ्यावरून नवे क्रियापद घडवले. मराठीतील 'चित्रीकरण' आणि 'छायाचित्रण' हे शब्दही फलितावरूनच आलेले आहेत. क्रियेआधी चित्र ठरलेले असते, ही समजूत भाषेतच मुरलेली आहे.

'सुधारण्यापलीकडचा' ठरवलेल्या इव्ह नावाच्या तरुणासह देलिन्यी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी चित्रण केले. त्यातून बऱ्याच वर्षांनी, १९७१ साली, 'अगदी लहानशी कृती' अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट लोकांसमोर आला. त्यात इव्हचे भटकणे आहे, त्याची गाठ बांधण्याची धडपड आहे आणि स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित केलेले त्याचे अखंड बोलणे आहे. त्या बोलण्याची चित्राशी जुळणी करून अर्थ पुरवण्याची घाई नाही. १९६७ पासून सेव्हेनच्या डोंगराळ भागात न बोलणाऱ्या स्वमग्न मुलांसोबत राहताना देलिन्यीच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या दिवसभराच्या फिरण्याच्या रेषा कागदावर उमटवल्या. त्या रेषांचा अर्थ लावायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. मुलाला बोलते करण्याचा हट्ट सोडणे ही त्यांच्या लेखी मदतीची पहिली अट होती.

देलिन्यीकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे वेळेविषयीचा आदर. फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीत रुजणाऱ्या अंकुराचे रोज थोडे थोडे चित्रण करून त्याची वाढ पडद्यावर आणली होती. भांडवल देणाऱ्याला चित्रपटाची शक्ती पटवणे हा त्यामागचा व्यावहारिक हेतू होता. पण त्यात एक अव्यावहारिक सत्य दडलेले आहे: कॅमेरा कोणत्याही गतीची वाट पाहू शकतो. शाळेचा तास, रुग्णालयातील भेटीची वेळ, अनुदानाचा अहवाल हे वाट पाहू शकत नाहीत. ज्या मुलाला एक वाक्य जुळवायला पाच मिनिटे लागतात, त्याच्या वतीने पाचव्या सेकंदाला वाक्य पूर्ण करणारा माणूस ही मदतीची सर्वांत रुळलेली आणि सर्वांत घातक आवृत्ती आहे.

६

यातून निकषाचे स्वरूप स्पष्ट होऊ लागते. चित्रपटाचा कर्ता कोण, हे 'कोणी काय केले' यावरून ठरत नाही. 'नको' म्हणण्याचा अधिकार कोणाला होता, यावरून ते ठरते. दिग्दर्शक म्हणजे सर्व काही स्वतः करणारा माणूस नव्हे. इतरांनी केलेल्या गोष्टींतून 'हे राहू दे, ते काढा' असे सांगणारा माणूस म्हणजे दिग्दर्शक. कॅमेरा मुलाच्या हाती देणे तुलनेने सोपे आहे; कात्री त्याच्या हाती देणे अवघड आहे. आणि कात्रीवाचूनचा कॅमेरा ही दिलेली भेटवस्तू आहे, दिलेला अधिकार नव्हे.

मुंबईत पार्थो भौमिक यांनी २००६ साली सुरू केलेला अंध व्यक्तींच्या छायाचित्रणाचा उपक्रम या दृष्टीने विचारात घेण्यासारखा आहे. छायाचित्रकाराला आपले छायाचित्र पाहता येत नाही. आवाज, स्पर्श, उन्हाची ऊब आणि दुसऱ्याने केलेले वर्णन यांच्या आधाराने तो क्षण निवडतो. वरवर पाहता परावलंबनाची ही परिसीमा वाटते. प्रत्यक्षात कळ केव्हा दाबायची आणि कोणते चित्र ठेवायचे हे त्याने ठरवले असेल, तर तो डोळस छायाचित्रकारापेक्षा कमी कर्ता नाही. वर्णन करून सांगणारा डोळस साहाय्यक ही त्याची मदत आहे. 'हे चित्र अधिक चांगले दिसते' असे म्हणून निवड करणारा साहाय्यक मात्र त्याची जागा घेतो. दोघांमधले अंतर एका वाक्याचे आहे. पण सारी नीती त्या अंतरात सामावलेली आहे.

थरथरणाऱ्या हाताने धरलेल्या कॅमेऱ्याचा प्रश्नही येथेच सुटतो. मेंदूच्या पक्षाघाताने हात स्थिर न राहणाऱ्या मुलाने टिपलेले दृश्य हलते. ते हलणे दोष आहे, की बा. सी. मर्ढेकरांनी ज्या लयतत्त्वाला सौंदर्याच्या मुळाशी मानले, त्या लयीचे ते वेगळे रूप आहे? दोन्ही उत्तरे आततायी आहेत. प्रत्येक थरथरीत सौंदर्य शोधणारा रसिक अपंगत्वाचे गोडवे गातो आणि प्रत्येक थरथर दुरुस्त करणारा तंत्रज्ञ मुलाचे शरीर चित्रातून पुसून टाकतो. थरथर ही शारीरिक घटना आहे. ती मुलाने पाहिली, तिच्याशिवाय दुसरे दृश्य उपलब्ध असताना ती ठेवली किंवा काढली, तेव्हाच ती कलात्मक निर्णय होते. समीक्षकाला हा निर्णय दिसला पाहिजे आणि त्याचे मूल्यमापन त्याने निःसंकोच केले पाहिजे. चित्र फसले असेल तर फसले म्हणावे. कीव येऊन मूल्यनिर्णय स्थगित करणारी समीक्षा मुलाला कर्त्याच्या जागेवरून उठवून पुन्हा रुग्णाच्या खाटेवर नेऊन बसवते.

७

'नको' म्हणण्याच्या अधिकाराची व्याप्ती संपादनाच्या टेबलापाशी संपत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेने (१९८९) मुलाला आपल्या पसंतीच्या कोणत्याही माध्यमातून व्यक्त होण्याचे स्वातंत्र्य मान्य केले. भारताने ती १९९२ साली स्वीकारली. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या करारात त्यांच्या सर्जनशील क्षमतांच्या विकासाचा स्वतंत्र उल्लेख आहे आणि भारतात त्याला अनुसरून २०१६ चा कायदा झाला. व्यक्त होण्याचा हक्क अशा रीतीने कागदावर आला. व्यक्त न होण्याचा हक्क मात्र अजून दुर्लक्षित आहे. ज्याचे शरीर दररोज उघडले जाते, त्या मुलाला एखादी गोष्ट झाकून ठेवण्याची गरज इतरांहून अधिक असते.

आज ही गरज तातडीची झाली आहे. उपचारांचा खर्च आवाक्याबाहेर गेला की आजारी मुलाचे छायाचित्र किंवा चित्रफीत प्रसारित करून निधी गोळा केला जातो. आईबापांपुढे पर्याय नसतो आणि त्यांना दोष देणे क्रूरपणाचे ठरेल. परंतु त्या व्यवहारात मुलाचे दिसणे ही उपचारांची किंमत झालेली असते. जितके केविलवाणे, तितके परिणामकारक. अशा वातावरणात एखादी संस्था आपल्या मुलांचे चित्रपट दाखवते आणि त्याच कार्यक्रमात देणगीचे आवाहन करते, तेव्हा आविष्कार आणि आवाहन यांच्या सीमा पुसल्या जातात. शिवाय प्रसारित झालेले चित्र परत घेता येत नाही. नवव्या वर्षी आनंदाने दिलेली संमती एकोणिसाव्या वर्षी त्याच माणसाला लाजिरवाणी वाटू शकते. आणि मूल जगले नाही, तर ती चित्रफीत स्मारक होते. स्मारकातून काहीही वगळण्याचे बळ मग कोणाजवळच उरत नाही. म्हणून असे चित्र मुलाच्या ताब्यात राहणे, ते कोणाला दाखवायचे हे त्याने ठरवणे आणि ते मागे घेण्याची वाट खुली असणे, या गोष्टी कलाबाह्य औपचारिकता नव्हेत. कर्तृत्वाच्या व्याख्येतच त्यांचा समावेश होतो.

एक कठीण प्रश्न तरीही उरतो. ज्या मुलाचे 'हो' आणि 'नको' निश्चितपणे ओळखताच येत नाही, त्याचे काय? नाशिकमध्ये रजनी लिमये यांनी १९७७ साली प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले, तेव्हापासून तेथे आणि महाराष्ट्रातील अशा अन्य शाळांत काम करणाऱ्या शिक्षकांना या प्रश्नाची ओळख कोणत्याही तत्त्वचिंतकापेक्षा अधिक असणार. खांद्याचा ताण, मान वळवणे, हातातली वस्तू टाकून देणे यांतील नकार वाचायला शिकणे हे वर्षानुवर्षांचे काम आहे. ते काम झाल्याशिवाय कॅमेरा आणणे म्हणजे उत्तर ऐकू येण्यापूर्वी प्रश्न विचारून मोकळे होणे. आणि इतके करूनही काही मुलांच्या बाबतीत खात्री होणार नाही. तेथे प्रामाणिकपणाचा मार्ग एकच उरतो. त्या मुलाच्या शेजारी बसून, त्याच्या गतीने, ज्याने चित्र केले त्याने ते आपल्या नावावर करावे. श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून मुलाचे नाव घालणे ही वरवर उदारता दिसते; परंतु जे त्याने म्हटलेच नाही ते त्याच्या नावावर मांडण्याची ती सभ्य रीत आहे. मूल अजून बोललेले नाही, हे मान्य करणाऱ्या चित्रातच ते पुढे कधीतरी बोलेल यासाठी जागा शिल्लक राहते.